उंबरठे उंचावून पाणी थांबत नाही

मुंबईत कुर्ला पश्चिमेला मिठी नदीच्या काठच्या गल्ल्यांतून चालताना एक गोष्ट पायांनाच कळते. एका घरात शिरायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात आणि त्याला लागून असलेल्या घरात शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. उतरावं लागतं ती घरं जुनी. चढावं लागतं ती 2005 च्या पुरानंतर दुरुस्त केलेली. दरम्यान रस्ताही वर आला, डांबरावर डांबर पडलं, मग काँक्रीट आलं. ज्याच्या हातात चार पैसे होते त्याने भराव टाकून जोतं वाढवलं. ज्याला तेवढं जमलं नाही त्याने उंबरठ्यावर विटांचा एक थर लावला. आणि ज्याला तेही जमलं नाही, किंवा जो भाडेकरू होता आणि घरमालक मनावर घेत नव्हता, त्याच्या घरात आता पाणी पूर्वीपेक्षा लवकर येतं. शेजारच्या तीन घरांनी अडवलेलं पाणी जाणार कुठे?

हवामान बदलाला तोंड द्यायला वस्त्या सक्षम केल्या पाहिजेत, असं आता सगळेच म्हणतात. मला त्यात एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या वीस वर्षांत इथल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परीने स्वतःला सक्षम केलं आहे. फ्रिज विटांवर चढला, मीटरची पेटी डोक्याच्या वर गेली, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर गेले. या सगळ्याची बेरीज केली तर वस्ती मात्र अधिक सुरक्षित झालेली नाही. काही घरं वाचली, त्यांचं संकट दुसऱ्यांच्या दारात सरकलं. दर पुरानंतर 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून ज्याचं कौतुक होतं ते बरंचसं हेच आहे: माणसं एकेकटी लढली. घराच्या आतलं काम लोकांनी केलं. दोन घरांच्या मधल्या जागेचं काम, म्हणजे गल्लीचा उतार, गटार, नाला, नदी, इशारा, हे एकट्या घराला करता येत नाही. आणि वस्तीला विचारल्याशिवाय महापालिकेलाही ते नीट करता आलेलं नाही.

26 जुलै 2005 चा आकडा सगळ्यांना पाठ आहे: सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर. त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. एकाच शहराच्या दोन टोकांना एवढा फरक असेल तर 'मुंबईत आज मुसळधार' या इशाऱ्याचा कुर्ल्याच्या माणसाने काय उपयोग करायचा? आमच्याकडची जुनी माणसं आकाशाकडे बघतच नाहीत. ती विचारतात, "पवई में गिर रहा है क्या?" मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, सुमारे अठरा किलोमीटर वाहत विमानतळाच्या भागातून वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळते. वर तलाव भरून वाहू लागला आणि खाली माहीमला भरती असली, की मध्ये सापडतो तो कुर्ला. इथे पावसाचा थेंब नसतानाही नदी चढू शकते. विहार भरल्यावर आपल्या दारात पाणी यायला साधारण किती वेळ लागतो, कुठल्या मॅनहोलमधून आधी बुडबुडे येतात, कुठल्या कोपऱ्यावर पाणी आलं की मुलांना माळ्यावर चढवायचं, हे इथल्या बायकांना ठाऊक असतं. हे ज्ञान कुठल्याही नकाशावर नाही, कारण कुणी मागितलेलं नाही.

लोकसहभागाने पंपाची जागा भरून निघते, असं मी म्हणत नाही. या शहराची पावसाळी गटारं कित्येक दशकं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, तीही ओहोटी असेल तर. 1985 च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला, 1993 मध्ये 'ब्रिमस्टोवॅड'चा, म्हणजे शहराची पावसाळी गटारं सुधारण्याच्या आराखड्याचा, अहवाल आला आणि त्यातल्या मोठ्या कामांना खरा पैसा आणि वेग मिळाला तो 2005 मध्ये शेकडो माणसं गेल्यावर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं उभी राहिली. माहुल आणि मोगऱ्याची मात्र वर्षानुवर्षं रखडली. माहुलचं पंपिंग स्टेशन झालं तर कुर्ला-चेंबूर भागाला दिलासा मिळेल, आणि ते काम गल्लीतल्या बैठकीने होणार नाही. अभियंते लागतील, जमीन लागेल, शेकडो कोटी लागतील. माझा आक्षेप एवढाच, की हे मोठं काम होईपर्यंत आणि झाल्यावरही उरतं ते छोटं काम कुणाचंच नाही, असं धरून चाललं जातं.

त्यात ऋतूंचं वेळापत्रकही आता भरवशाचं राहिलेलं नाही. नालेसफाईची मुदत ठरलेली असते 31 मे, कारण पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो असं गृहीत असतं. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक त्या दिवशी पाण्यात गेलं, म्हणून बातम्या झाल्या. आमच्याकडे नाल्यातून काढलेला गाळ काठावर वाळायला ठेवलेला होता, तो पहिल्याच सरीत परत नाल्यात गेला. त्याची बातमी कोण करणार? पण गाळ किती निघाला, गाड्या किती भरल्या, हे त्या काठावर राहणाऱ्या माणसाइतकं कुणालाच दिसत नाही. त्याच महिन्यात मिठीतल्या गाळउपशाच्या कंत्राटांत 65 कोटींच्या आसपास गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोपांचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. पण इतकी वर्षं कॅमेरे, वजनकाटे आणि तिसऱ्या पक्षाचं परीक्षण यांवर खर्च होत असताना काठावरच्या चार रहिवाशांची सही बिलावर लागेल, असा साधा नियम करावासा वाटला नाही, हे मला जास्त बोचतं.

मग लोक स्वतःहून का सांगत नाहीत? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर मला एका दुपारी मिळालं. बाहेरून एक पाहणी पथक आलं होतं, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, वागायला अगदी सज्जन तरुण मुलं. एका मावशींना त्यांनी विचारलं, "पाणी कुठपर्यंत येतं?" मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे नाही येत." त्या ज्या भिंतीला टेकून बोलत होत्या त्या भिंतीवर त्यांच्या छातीच्या उंचीला ओलीची काळपट रेघ होती. मुलांनी 'नाही' लिहून घेतलं आणि पुढे गेली. नंतर मी विचारलं तेव्हा मावशींनी सरळ सांगितलं, "मागे असंच विचारून गेले, महिन्याने दारावर नंबर पडले. पाणी येतं म्हणून सांगितलं की म्हणणार, मग इथे राहता कशाला?"

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. 'पूरप्रवण' हा शब्द अभियंत्याच्या कागदावर तांत्रिक असतो. झोपडीत राहणाऱ्याच्या कानावर तो 'हटवा' म्हणून पडतो. 1 जानेवारी 2000 आधीचा पुरावा असेल तर पुनर्वसनाला पात्र, 2011 पर्यंतचा असेल तर पैसे भरून पात्र, त्यानंतरचा असेल तर काहीच नाही, अशा तारखांवर ज्यांचं आयुष्य तोललं जातं त्यांनी आपल्या घराची कमजोरी सरकारी कागदावर का नोंदवावी? आणि हटवलं तर पाठवणार कुठे, हेही लोकांनी पाहिलं आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं, रिफायनऱ्यांच्या कुशीत. तिथली हवा राहण्यायोग्य नाही म्हणून ती माणसं न्यायालयात गेली, आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडं द्या. पुराच्या धोक्यातून काढून विषारी हवेत नेण्याला कुणी संरक्षण म्हणत असेल तर मिठीकाठची बाई ते नाकारणारच, आणि ती चुकत नाही.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कामाची पहिली पायरी झाडं लावणं नाही, जनजागृती तर नाहीच. पहिली पायरी लेखी हमी: पाण्याबद्दल दिलेली माहिती घर तोडायला वापरली जाणार नाही. एखादं घर खरोखरच हलवावं लागेल, नदीच्या अगदी कडेला अशी काही आहेत, तर ते त्याच वॉर्डात, आणि नवी जागा आधी दाखवून. ही हमी नसेल तोवर कितीही महागडी पाहणी करा, हाती 'नाही येत' एवढंच लागेल.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी याच शहराचा इतिहास आठवावा. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्यात निकाल दिला आणि हजारो कुटुंबांवर हकालपट्टीची टांगती तलवार आली. त्या वेळी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या माणसांनी 'स्पार्क' संस्थेसोबत आपली शिरगणती आपणच केली. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती वर्षं इथे आहे. मोजणारे आपलेच होते म्हणून उत्तरं खरी आली. त्यातूनच महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली. पुढे रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी हलवायची वेळ आली तेव्हा रहिवाशांच्या संघटनांनी केलेल्या याद्यांवर सरकारने काम केलं. त्या पुनर्वसनावरही टीका झाली आणि ती व्हायला हवी होती. पण ज्यांना 'अदृश्य' म्हटलं जात होतं त्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी, कागद-पेन्सिलने, संपूर्ण वस्ती मोजली. आज प्रत्येक घरात मोबाइल असताना पाण्याच्या रेघा मोजणं अवघड नाही.

पुराबद्दल एवढं बोलतो आणि उष्णतेबद्दल गप्प बसतो, ही आपली सवयच झाली आहे, कारण उष्णतेचं छायाचित्र निघत नाही. किनाऱ्यावर कमाल तापमान 37 अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. हे तापमान मोजतात सावलीतल्या, हवेशीर पेटीत. आमच्याकडे पत्र्याखाली माळ्यावर दुपारी तीन वाजता काय असतं ते कुणी मोजत नाही. तिथे कोण असतं? खाली मालक, वर भाडेकरू, अशी इथली रीत आहे. बाहेरून लोखंडी शिडी, वर आठ बाय दहाची खोली, त्यात रात्रपाळी करून आलेली चार पोरं दिवसा झोपलेली. किंवा एखादी नवी संसाराला लागलेली बाई, घरबसल्या इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवणारी. फॅनने खडे उडतात म्हणून फॅन बंद. एकाच घरात दोन हवामानं नांदतात. पूर येतो तो खालच्याला, ऊन मारतं ते वरच्याला.

आणि इथेच 'लोकांना विचारा' हे वाक्य अपुरं पडतं. सभेला येतो तो घरमालक. तो म्हणतो, नाला बंदिस्त करा, भिंत बांधा. माळ्यावरचा भाडेकरू सभेला येत नाही. त्याचा अकरा महिन्यांचा करार असतो, तोही बहुतेक वेळा तोंडी. पत्रा पांढरा रंगवला तर खोली थंड होते, हे अहमदाबादमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी वस्त्यावस्त्यांत करून दाखवलं आहे. त्या शहराने मे 2010 मध्ये उष्णतेची भयंकर लाट सोसली, एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू नोंदले गेले, आणि त्यातून शिकून 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आला. पण इथला मालक म्हणेल, माझ्या खाली थंडच असतं, रंगाचे पैसे मी का घालू? भाडेकरू म्हणेल, पुढच्या वर्षी मी इथे असेनच कशावरून? दोघांचंही बरोबर आहे. म्हणून पत्र्याचा रंग हा महापालिकेच्या खर्चाचा विषय आहे, गटारासारखाच. दुसरीकडे एक नियमही बदलावा लागेल. झोपडपट्टीतल्या घराला उंचीची मर्यादा आहे 14 फुटांची. पाण्यासाठी जमीन दोन फूट उचलली तर छत दोन फुटांनी खाली आल्यासारखं होतं, माळ्यावर माणूस उभाही राहू शकत नाही. पत्रा वर घेतला तर बांधकाम बेकायदा, मग नोटीस आणि मग तिला 'मिटवायचे' पैसे. पाण्यापासून वाचायचं की उन्हापासून, असा पर्याय हा नियम लोकांपुढे ठेवतो.

वस्तीचं मी गोडगुलाबी चित्र काढणार नाही. आमच्या दहा मिनिटांच्या अंतरात बुद्धविहार आहे, मशिदी आहेत, गणेश मंडळं आहेत, जुन्या ख्रिस्ती गावठाणाचा क्रूस आहे. मराठी, कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेश-बिहारकडचे, तमिळ, सगळे आहेत. पुराच्या रात्री मंडळाचे दोरखंड आणि जनरेटर निघतात, मशिदीत खिचडीची डेग चढते, हे खरं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण प्रत्येक संस्था आधी आपल्या माणसांकडे धावते, हेही तितकंच खरं आहे. मंडळात नाव नसलेला, मशिदीच्या जमातीत नसलेला, तीन महिन्यांपूर्वी गावाहून आलेला मजूर कुणाच्याच यादीत नसतो. शिवाय या संस्था पुरुषांच्या आहेत. रात्री तीनला पाण्याच्या नळासाठी उठणारी बाई नाल्याची पातळी सगळ्यात आधी बघते, पण भोंग्याची किल्ली तिच्याकडे नसते. 19 ऑगस्ट 2025 ला मिठी चढली आणि क्रांतीनगरमधून शेकडो माणसांना हलवावं लागलं, तेव्हा पथकं आली, लोक निघाले, जीव वाचले. चांगलं काम झालं. तरी अशा वेळी आमच्याकडे कोण मागे राहतं हे मला माहीत आहे: अंथरुणाला खिळलेले म्हातारे, जवळ कागदपत्रं नसलेली माणसं, आणि माळ्यावर झोपलेले, ज्यांना कुणी हाकच मारली नाही.

म्हणून गल्लीनिहाय यादी हवी. कुणाला उचलून न्यावं लागेल, कोण डायलिसिसवर आहे, कुणाला फक्त भोजपुरी किंवा तमिळ कळतं. ती संगणकात ठेवायची गरज नाही, प्रत्येक गल्लीतल्या दोन बायकांच्या वहीत असली तरी पुरे. पाणी ओसरल्यावर लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या कुणाला दिल्या, कुणाच्या पायाला जखम आहे, हेही त्याच वहीत. 2005 मध्ये पुरातून वाचलेली माणसं नंतर लेप्टोस्पायरोसिसने गेली. ते मृत्यू वहीने टळण्यासारखे होते. या बायकांना मानधन मिळालं पाहिजे. स्वयंसेवा हा शब्द गरीब बायकांच्या बाबतीत फार सहज वापरला जातो.

नगरनियोजनात लोकांना स्थान देणारे कायदे आपल्याकडे नाहीत असंही नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. 2009 मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली, ग्रामसभेसारखी, शहरातल्या मतदारांची. तुमच्या वॉर्डात क्षेत्रसभा भरल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे? मुंबईत 1990 च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून एएलएमची ('अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट', म्हणजे आपल्या गल्लीची देखभाल रहिवाशांनीच पाहायची) चळवळ निघाली आणि तिने कचऱ्याबाबत उत्तम काम केलं, पण ती राहिली इमारतींत राहणाऱ्यांची. पुण्यात 2006-07 पासून अर्थसंकल्पात नागरिकांच्या सूचना घेतल्या जातात. कल्पना मोलाची, पण बरीचशी कामं बाक, फलक आणि पदपथ यांतच अडकतात. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला, त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. म्हणजे हवामानाचा आराखडा आला तेव्हा गल्लीतून तक्रार घेऊन जायला निवडून दिलेला माणूसच नव्हता.

कुणी म्हणेल, हे सगळं फार वेळखाऊ आहे, हवामान थांबणार नाही. वेळ लागतो, मान्य. पण 1993 च्या अहवालातली कामं तीस वर्षांनंतरही अपुरी आहेत, आणि तिथे तर कुणी वस्तीला विचारण्यात वेळ घालवला नव्हता. दुसरे म्हणतील, नाल्यात कचरा टाकणारे हेच लोक. टाकतात. तीन फुटांच्या गल्लीत घंटागाडी शिरत नाही, कचराकुंडी अर्ध्या किलोमीटरवर असते आणि नाला दाराशी. गल्लीतून हातगाडीने कचरा उचलायला माणूस नेमा, त्याचा पगार वेळेवर द्या, आणि मग बोलू.

माझी मागणी लहान आहे. महापालिकेच्या एल विभागातल्या, म्हणजे कुर्ल्याच्या, मिठीकाठच्या दहा गल्ल्या निवडाव्यात. माहिती घरांविरुद्ध वापरणार नाही, असं आयुक्तांच्या सहीचं पत्र आधी गल्लीत लावावं. मग रहिवाशांनी, त्यात निम्म्या बायका आणि ठरलेल्या संख्येने भाडेकरू, पाण्याच्या रेघा मोजाव्यात, उतार दाखवावेत, पत्रे मोजावेत. वॉर्डच्या अभियंत्याने तोच नकाशा समोर ठेवून कामांचा क्रम लावावा आणि एखादी मागणी चुकीची असेल, समजा भिंत बांधल्याने पाणी आतच कोंडणार असेल, तर तसं तोंडावर समजावून सांगावं. लोक ऐकतात. न विचारता झालेल्या कामावर ते चिडतात, पटवून नाकारलेल्यावर नाही. या दहा गल्ल्यांसाठी ठरावीक रक्कम असावी, ती सभेच्या ठरावाशिवाय खर्च होऊ नये, आणि गाळाच्या बिलावर याच सभेने निवडलेल्या माणसांची सही लागावी.

सभा महापालिकेच्या त्याच शाळेत घ्यावी जिथे पुरात आम्हाला नेऊन बसवतात. तिथल्या संडासांची अवस्था अधिकाऱ्यांनाही एकदा पाहता येईल. वेळ दुपारी बाराची ठेवू नये. तेव्हा येतील ते फक्त घरमालक आणि कार्यकर्ते. रात्री साडेनऊनंतर ठेवली, मुलांना सांभाळायला बाजूच्या वर्गात कुणी बसलं, आणि बोलावणं द्यायला माणूस शिडी चढून माळ्यावर गेला, तर वरची माणसंही खाली येतील.